मनालीत बर्फ किती पडेल? आधी पाणी मोजा, मग सेंटिमीटर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरचे चौदा जण गेल्या जानेवारीत मनालीला गेले. निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवरच्या ॲपने ५० सेंटिमीटर बर्फ सांगितला होता. प्रत्यक्षात हॉटेलसमोर १२ सेंटिमीटर पडला, तोही चिखलासारखा. त्याच सकाळी अटल बोगद्याच्या तोंडापर्यंत जाऊन परतलेला टॅक्सीवाला म्हणाला, वर अडीच फूट आहे. मग खरं कोण? डोंगरातल्या मोठ्या हिमवादळात किती बर्फ पडेल याचा अंदाज बांधतात तरी कसा? आणि या जानेवारीत परत जायचं आहे, तर कशावर विश्वास ठेवायचा?

मी हिमालयात बावीस हिवाळे हवामानाच्या कामावर काढले. बर्फ मोजला आणि त्याचा अंदाजही बांधला. आता नागपुरात स्थायिक आहे. माझ्या मते तुमचे तिघंही खरं बोलत होते. ॲप, हॉटेलसमोरची पट्टी आणि टॅक्सीवाला, तिघांनी एकच वादळ वेगवेगळ्या उंचीवर पाहिलं.

आधी एक गोष्ट पक्की करू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपल्या विदर्भात कापूस कोणी ढिगाच्या उंचीवर विकत नाही. पिंजलेला कापूस खोलीभर होतो आणि तोच जिनिंग-प्रेसिंगमध्ये दाबला की १७० किलोची एक गठाण होते. बर्फाचंही तसंच आहे. 'किती सेंटिमीटर पडला' ही ढिगाची उंची झाली. खरा माल म्हणजे त्यातलं पाणी. एक मिलिमीटर पाण्याचा साधारण एक सेंटिमीटर बर्फ होतो, हा दहास एकचा ठोकताळा जगभर वापरतात आणि बरीच ॲपही तोच वापरतात. पण ओला, जड बर्फ पाचास एक इतका दबलेला असू शकतो. कडाक्याच्या थंडीतला भुसभुशीत बर्फ वीसास एक, कधी तिसास एकवरही जातो. म्हणजे त्याच ४० मिलिमीटर पाण्यातून २० सेंटिमीटरही होतील आणि ८० सुद्धा. म्हणून मी अंदाज बांधताना सेंटिमीटरचा आकडा अगदी शेवटी काढतो.

हे पाणी वजनाने मोजायची चांगली सोय अमेरिकेत नेवाडाच्या डोंगरात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाली. जेम्स चर्च नावाचे लॅटिनचे प्राध्यापक माउंट रोझवर हिवाळ्यात चढायचे. त्यांनी एक पोकळ नळी तयार केली. ती बर्फात खालपर्यंत घुसवायची, आतल्या बर्फासकट बाहेर काढायची आणि काट्याला लटकवून तोलायची. उन्हाळ्यात तळ्यात किती पाणी येणार हे त्यावरून आधीच कळू लागलं. ती नळी थोड्याफार फरकाने आजही वापरात आहे. लॅटिन शिकवणाऱ्या माणसाने जलविज्ञानाला तराजू दिला, ही गोष्ट मला फार आवडते.

आता मोजणीकडे येतो. अंदाज चुकला असं आपण म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा मोजणीत गडबड झालेली असते. ताज्या बर्फासाठी साधारण दीड फूट बाजूची पांढरी फळी ठेवतात. ठरलेल्या वेळी पट्टी उभी करून उंची वाचायची, फळी झाडायची आणि परत ठेवायची. आपल्याकडे दिवसाचा हिशेब सकाळी साडेआठला बंद होतो. साधी वाटणारी ही रीत फार नाजूक आहे. बर्फ पडत असतानाच स्वतःच्या वजनाने बसत जातो. दर तासाला फळी झाडून आकडे जोडत गेलात तर बेरीज चांगलीच फुगते. चोवीस तासांनी एकदाच मोजलात तर तेच वादळ लहान दिसतं. म्हणून अमेरिकेतल्या निरीक्षकांना दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा फळी झाडायची मुभा नाही. 'आमच्याकडे तीन फूट पडला' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कधी मोजला आणि कशावर? गाडीच्या टपावर, गच्चीच्या कठड्याला लागून की मोकळ्या अंगणात?

पाणी मोजायच्या भांड्याचा त्रास तर याहून मोठा. पावसाचं भांडं बर्फात उघड्यावर ठेवलं की वारा त्याच्या तोंडावरून वर उसळतो आणि हलके स्फटिक बाजूने निघून जातात. जोराच्या वाऱ्यात आडोसा नसलेलं भांडं निम्म्याहून कमी बर्फ पकडतं. म्हणून भांड्याभोवती पट्ट्यांचं कुंपण लावतात. मग भांड्यात मोजून कोमट पाणी ओतायचं, बर्फ वितळवायचा आणि ओतलेलं पाणी वजा करायचं. पहाटे बोटं बधिर झालेली असताना हे काम करणारा निरीक्षक मला कुठल्याही उपग्रहाइतकाच मोलाचा वाटतो. त्याने 'अंदाजे' लिहिलं की पुढचे सगळे हिशेब कोसळतात.

आता वादळाकडे वळू. आपल्या हिमालयात हिवाळ्यातला बहुतेक बर्फ वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे पडतो. मराठी वर्तमानपत्रं त्याला पश्चिमी झंझावात म्हणतात. भूमध्य समुद्राकडून उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांच्या झोतात वाहत येणारी ही द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, वाटेत अरबी समुद्राकडूनही ओलावा ओढून घेते. तिचा नागपूरशीही संबंध आहे. वर काश्मीर-हिमाचलला बर्फ पडतो तेव्हा तिचा दक्षिणेकडचा भाग बऱ्याचदा मध्य भारतावरून सरकतो, बंगालच्या उपसागराकडून आलेल्या दमट वाऱ्याशी त्याची गाठ पडते आणि काटोल-नरखेडच्या संत्र्यांवर गारा पडतात. द्रोणी पुढे गेली की उत्तरेचे कोरडे वारे मोकळे होतात आणि आपल्याकडे पारा घसरतो. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात तो ३.५ अंशांवर उतरला होता. त्यामुळे मनालीचा अंदाज नागपुरात बसून वाचणं मला परकं वाटत नाही.

वादळ येणार हे आज पाच ते सात दिवस आधी बऱ्यापैकी कळतं. किती वेळ थांबेल हे मात्र कळत नाही, आणि एकूण पाण्याचा हिशेब त्या थांबण्यावरच ठरतो. बारा तासांत निघून जाणारी द्रोणी आणि अठ्ठेचाळीस तास रेंगाळणारी द्रोणी नकाशावर पहिल्या दिवशी जवळजवळ सारखीच दिसतात. वाट पन्नास-शंभर किलोमीटर सरकली तरी एक खोरं भरतं आणि शेजारचं कोरडं राहतं. म्हणून मी संगणकावर हवामानाचं गणित करणाऱ्या एकाच मॉडेलच्या एकाच आकड्याला हात लावत नाही. युरोपीय हवामान केंद्र आपलं मॉडेल सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून ५१ वेळा चालवतं. ते ५१ आकडे एकमेकांजवळ असतील तर मला धीर येतो. निम्मे १५ मिलिमीटर आणि निम्मे ७० सांगत असतील तर त्यांची सरासरी काढून उपयोग नसतो. तेव्हा लोकांना दोन्ही शक्यता स्पष्ट सांगाव्या लागतात.

यानंतर येतो डोंगर. ओली हवा उतारावर आदळून वर चढते, थंड होते आणि ओलावा टाकते. वारा उताराला काटकोनात येत असेल, जोराचा असेल आणि हवा खालपासून वरपर्यंत ओली असेल, तर उंचीबरोबर पाणी झपाट्याने वाढतं. धौलाधार आणि पीर पंजालच्या वाऱ्याकडच्या बाजूला बरंच पडून जातं, हवा या रांगा ओलांडून पलीकडच्या लाहौलमध्ये पोचेपर्यंत बराच ओलावा संपलेला असतो, आणि लेहला तर वर्षभराचं सगळं मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास पाणी मिळतं. जगाच्या मॉडेलमध्ये मात्र एकेक चौकोन ९ ते १२ किलोमीटरचा असतो. तेवढ्या चौकोनात मनालीची दरी आणि तिच्या डोक्यावरची शिखरं एकत्र होऊन गुळगुळीत टेकडी होते, म्हणजे दरीचा तळ उचलला जातो आणि शिखर कापलं जातं. भारताने मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरचं मॉडेल कामाला लावलं, त्याने चित्र बरंच सुधारलं. पण ६ किलोमीटरमध्येही बियासची अरुंद दरी नीट मावत नाही. त्यामुळे ॲप तुम्हाला 'मनाली' म्हणून जो आकडा दाखवतं तो कुठल्या उंचीचा आहे, हे आधी पाहायला हवं.

आता सगळ्यात अवघड भाग, जिथे मी स्वतः सगळ्यात जास्त चुकलो. पाऊस कुठे संपतो आणि बर्फ कुठे सुरू होतो?

सर्वसाधारण ठोकताळा असा की शून्य अंशाची पातळी, म्हणजे हवा ज्या उंचीवर शून्य अंशांवर येते ती, जिथे असेल तिच्या खाली साधारण तीनशे मीटरपर्यंत बर्फ न वितळता पोचतो. पण फक्त थर्मामीटर पाहून हे ठरत नाही. नागपूरकराला हे समजवायला मला कूलर पुरतो. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना ओल्या ताटीतून आलेली हवा सहज १२-१५ अंशांनी गार होते, कारण पाण्याचं बाष्पीभवन होताना हवेतली उष्णता खर्च होते. हवा कोरडी असते तोवरच कूलर चालतो, जुलैत तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. डोंगरात वादळाच्या सुरुवातीला दरीतली हवा कोरडी असेल तर पडणारे थेंब आणि स्फटिक अर्धवट बाष्प होतात आणि हवा कूलरसारखी गार करतात. हवा ३ अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर शून्याच्या किंचित खाली दाखवतो. अशा वेळी ३ अंशांतही बर्फ पडू शकतो. हवा आधीच ओलीचिंब असेल तर त्याच ३ अंशांत पाऊसच पडेल. म्हणून अंदाज करणारा माणूस कोरड्या थर्मामीटरपेक्षा ओल्याकडे जास्त पाहतो.

दुसरी गोष्ट वितळण्याची. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी लागतात आणि त्या आसपासच्या हवेतूनच ओढल्या जातात. पाणी जोरात पडत असेल आणि दरी अरुंद असेल, तर तेवढ्याच थोड्या हवेतून भरपूर उष्णता निघून जाते. हवा शून्यावर येऊन थांबते आणि बर्फाची सीमा काही तासांत शेकडो मीटर खाली उतरते. उघड्या उतारावर हे इतकं होत नाही, कारण तिथे नवी उबदार हवा येत राहते.

हे मला पुस्तकात माहीत होतं, तरी एका फेब्रुवारीत मी चुकलो. दरीतल्या एका गावासाठी मी 'पाऊस, वरच्या वाड्यांवर बर्फ' असं लिहिलं. संध्याकाळी खरोखर पाऊसच होता. रात्री दहानंतर जोर वाढला आणि मध्यरात्री गावात ओला बर्फ सुरू झाला. सकाळी ४५ सेंटिमीटर. माणसं वाचली, पण गोठ्यांचे पत्रे बसले, विजेचे खांब वाकले, चार दिवस गावात दिवा नव्हता. त्या बर्फाची घनता घनमीटरला १८० किलोच्या आसपास होती. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या छपरावर साडेसातशे किलो, कापसाच्या चार गठाणींपेक्षा जास्त. मी पाण्याचा आकडा बरोबर दिला होता. जोराच्या पावसाने दरी स्वतःच गार होईल, एवढीच ओळ माझ्या अंदाजात नव्हती. त्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईने मला पुढे म्हटलं, "साहेब, रात्री छप्पर झाडायला उठा एवढं तरी सांगायचं होतं." तेव्हापासून माझ्या प्रत्येक अंदाजात सेंटिमीटरबरोबर वजन असतं.

वजनाचं महत्त्व काश्मीरच्या सफरचंदवाल्यांना कोणी शिकवायला नको. नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात तिथे लवकर बर्फ पडला. झाडांवर अजून पानं होती आणि बर्फ ओला होता. पानांनी तो धरून ठेवला आणि वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं मधोमध चिरली. तेवढंच पाणी जानेवारीत, निष्पर्ण फांद्यांवर, कोरड्या बर्फाच्या रूपात आलं असतं तर बहुतेक सगळं खाली सांडलं असतं.

बर्फ हलका होणार की जड, हे ढगातच ठरतं. उणे १२ ते उणे १८ अंशांच्या थरात सहा पाकळ्यांचे, फांद्याफांद्यांचे स्फटिक सगळ्यात वेगाने वाढतात. जपानचे उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये होक्काइडोच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिमस्फटिक वाढवून तापमान आणि आकार यांचं हे नातं दाखवलं. हवा वर उचलली जाण्याचा जोर नेमका त्याच थरात असेल तर बर्फ पिंजलेल्या कापसासारखा येतो. जोर त्याखालच्या, उबदार थरात असेल तर स्फटिक सुयांसारखे होतात किंवा त्यांच्यावर अतिशीत थेंब (शून्याखालीही न गोठलेलं पाणी) गोठून साबुदाण्यासारखे दाणे तयार होतात, आणि ते घट्ट बसतात. हे सगळं पाहायला फुग्यातून सोडलेल्या यंत्राच्या नोंदी लागतात. श्रीनगरहून असा फुगा पहाटे आणि संध्याकाळी सुटतो, आपल्या नागपूरहूनही सुटतो. सगळ्या जगात वेळ एकच धरतात, भारतीय घड्याळात साडेपाच.

आता तुमचा हिशेब करून पाहू. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण अशा वादळाला शोभणारे आहेत. समजा त्या चौकोनाचं सरासरी पाणी ५० मिलिमीटर. ॲपने दहाने गुणून ५० सेंटिमीटर सांगितले. मनाली साधारण २०५० मीटरवर. तिथे ४० मिलिमीटर पाणी आलं, त्यातलं पहिलं २० पाऊस म्हणून वाहून गेलं, उरलेल्या २० चा सहास एक असा जड बर्फ झाला, म्हणजे १२ सेंटिमीटर. मनालीच्या वरचं सोलंग साधारण २५६० मीटरवर. तिथे पाणी थोडं जास्त, ५० धरा, आणि सगळाच बर्फ. पण शून्याच्या जवळचा, म्हणून साडेआठास एक. झाले ४२ सेंटिमीटर. बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड ३०६० मीटरवर. पाणी ६० मिलिमीटर, थंडी जास्त, बारास एक. ७२ सेंटिमीटर. टॅक्सीवाल्याच्या अडीच फुटांत आणि यात चार बोटांचाही फरक नाही. हॉटेलपासून बोगद्यापर्यंत उंची एक हजार मीटर वाढते आणि तेवढ्यात बर्फ सहापट होतो.

रडार का नाही पाहत, असं तुम्ही विचाराल. पाहतो. जानेवारी २०२१ मध्ये कुफरी आणि मुक्तेश्वरला डॉपलर रडार सुरू झाली, नंतर आणखी लागली, त्यांचा उपयोग मोठा आहे. पण रडारचा किरण सरळ जातो आणि मधला डोंगर त्याला अडवतो. मागच्या दरीत तो ढगाचा फक्त माथा पाहतो. शिवाय बर्फ पावसापेक्षा फार क्षीण उत्तर देतो, आणि वितळणारा थर उलट इतका झळकतो की तिथे जोराचा पाऊस असल्यासारखं वाटतं. शेवटच्या सहा तासांत रडार, उपग्रह आणि वरच्या गावातल्या माणसाचा फोन, या तिन्हींची सांगड घालावी लागते.

मोठ्या वादळात एका गोष्टीबद्दल मी फार कळकळीने सांगतो. वारा. मोकळ्या कड्यावरून वाऱ्याने उडवलेला बर्फ आडोशाच्या उतारावर साचतो, तेव्हा तिथे आकाशातून पडतो त्याच्या तीन ते पाचपट वेगाने भर पडू शकते. तुमच्या फळीवर ३० सेंटिमीटर असतात आणि रस्त्याच्या वरच्या घळीत दीड मीटर. हिमस्खलनाचा धोका या भरावाच्या वेगावर आणि जुन्या थराच्या कमकुवतपणावर ठरतो. फेब्रुवारी २००५ मध्ये अशाच मोठ्या हिमवादळात काश्मीरच्या वाल्टेंगू नाडमध्ये दीडशेहून अधिक माणसं गेली. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथपलीकडच्या माणाजवळ रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर बर्फाखाली सापडले, त्यातले ८ दगावले. हिमस्खलनाचा इशारा वेगळा निघतो. तो चंडीगढच्या संरक्षण भूमाहिती संशोधन संस्थेकडून येतो. १९६९ साली मनालीत सुरू झालेली हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था २०२० मध्ये तिच्यात विलीन झाली. हवामानाचा अंदाज पाहून हा इशारा न पाहणं म्हणजे अर्धाच निरोप वाचणं आहे.

तुमच्या जानेवारीबद्दल. तिकीट काढायच्या आधी बर्फाचा आकडा पाहूच नका, पंधरा दिवस आधीच्या सेंटिमीटरला काही अर्थ नाही. पाच दिवस आधी फक्त द्रोणी येते आहे का आणि किती रेंगाळेल ते पाहा. तीन दिवस आधी पाण्याचे मिलिमीटर शोधा, आणि एकच आकडा न घेता त्याची व्याप्ती पाहा. शेवटच्या दिवशी शून्य अंशाची पातळी पाहा. ती २६०० मीटरवर असेल तर मनालीत छत्री लागेल, सोलंगला बर्फ असेल आणि बोगद्याचा रस्ता बहुधा बंद. ती १८०० वर असेल तर मनालीतच अडकाल, तेव्हा एक दिवस हाताशी ठेवा. गाडी बर्फात थांबलीच तर इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपू नका आणि सायलेन्सरचं तोंड उकरून मोकळं ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या मरी इथे अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं गेली, त्यातले कित्येक थंडीने गेले नाहीत, गाडीत साठलेल्या विषारी वायूने गेले.

निघायच्या सकाळी हॉटेलवाल्याला फोन करा. त्याला सेंटिमीटर विचारू नका. विचारा, "रात्री पत्र्यावर थेंबांचा आवाज कधी बंद झाला?"